येतो म्हणणारा कॉम्प्युटर

मिल का बंद पडली, याबद्दल इंदुरात ज्याचं-त्याचं मत वेगळं होतं. कुणी दिल्लीच्या नव्या धोरणावर खापर फोडी, कुणी मालकावर, कुणी पॉलिएस्टरवर. प्रमोदिनीबाईंना मात्र खरा गुन्हेगार ठाऊक होता. तो त्यांच्याच घरात, खिडकीपाशी बसून पोह्यांवर शेव भुरभुरत असे.

त्यांचे यजमान शंकरराव म्हणजे मिलच्या फाटकावर हाजिरी घेणारे बाबू. मिल बंद पडली त्या सकाळी उशीर झाला म्हणून डबा उचलून ते "जातो गं!" असं ओरडत जिना उतरले. घरातून निघताना "येतो" म्हणायचं, "जातो" कधीच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळी फाटकावर पाटी लागली : 'दुरुस्तीसाठी तात्पुरती बंद'. त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. दुरुस्ती काही संपली नाही.

"अगं, देशभरच्या मिली बंद पडल्या," शंकरराव म्हणत.

"तिथेही कुणीतरी 'जातो' म्हटलंच असेल."

अशा या घरात कॉम्प्युटर आला तो समोरच्या धम्मदीनेमुळे. ती पॉलिटेक्निकात शिकवायची. आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे कामाला हात घातला की ते तडीस नेणारच. तिनं स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना आणून काकूंच्या टेबलावर मांडला.

"काकू, यात विंडोजच्या जागी लिनक्स आहे. मराठीतून चालतं. आणि फुकट."

शंकररावांनी मान वर केली. "फुकट? मग बनवतं कोण?"

"जगभरची माणसं मिळून बनवतात काका. बरीचशी बिनपगारी."

"बिनपगारी! अरे भिया, मग त्यांची युनियन क्या कर रही है?"

"काका, ती युनियनच आहे. मालकच नाही."

हे शंकररावांना इतकं पटलं, की पडद्यावर लिनक्सची खूण म्हणून बसलेल्या पेंग्विनला त्यांनी उठून नमस्कार केला.

प्रमोदिनीबाईंनी मशिनला हळदकुंकू वाहिलं आणि त्या शिकायला बसल्या. सुरुवातीला माउस हातातून उंदरासारखाच पळे. मग जमलं. त्या अक्षरं जुळवू लागल्या, गणपतीची आरती टाइप करून झाली. आणि मग त्यांना तो खेळ सापडला : पेंग्विन बर्फावरून पोटावर घसरत जातो आणि वाटेतले मासे गोळा करतो. उभ्या जन्मात बाईंनी मासळीबाजाराचं तोंड पाहिलं नव्हतं. आता मात्र एखादा मासा निसटला की त्या कळवळत. "अगंबाई, गेला की रे सोन्या तुझा घास!"

"चतुर्थी आहे आज," शंकरराव आठवण करून देत.

"उपास माझा आहे. त्याचा नाही."

फक्त एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. कॉम्प्युटर बंद केला नाही. झोपायला जाताना त्यावर क्रोशाचं झाकण घालत आणि चालूच ठेवत. लाइट गेली तर गोष्ट वेगळी. ते पाप वीज मंडळाचं.

एका रविवारी मुलगा नंदू आला. तो पलासियातल्या बँकेत होता. झाकणावर हात टेकताच तो दचकला.

"आई, हे तापलंय केवढं! आग लागेल एखाद दिवशी. आणि हे काय भलतंच टाकलंय? पलासियात माझ्या ओळखीचा आहे, सगळं पुसून विंडोज टाकून देईल. सब लोग जे वापरतात ते."

"पुसून? माझा पेंग्विनसुद्धा?"

"तो तर पहिल्यांदा जाईल."

पोलिसापासून वाचवायला लेकराला धरावं, तसं प्रमोदिनीबाईंनी मॉनिटरला कवटाळलं. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी नंदू म्हणाला, "ठीक है. पुढच्या रविवारी फाइल उघडण्यापासून कॉम्प्युटर बंद करण्यापर्यंत सगळं एकटीनं करून दाखव. जमलं तर हात लावणार नाही. नाही जमलं, तर उचलून नेणार."

पुढचा रविवार उजाडला. नंदू पंचासारखा खुर्ची ओढून बसला. निकाल लागणार म्हणून धम्मदीनाही आली. बाईंनी आरती उघडली, चुकलेली वेलांटी सुधारली, साठवली. पेंग्विनला एकदा डोंगरावरून आणलं. नंदूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला.

"आता बंद कर."

बाईंनी मेन्यू उघडला. 'बंद करा'. बोट तिथंच थिजलं.

"होत नाही रे माझ्याच्यानं."

"चला!" नंदू वायरी सोडवायला वाकला.

"थांब," धम्मदीना म्हणाली. "काकू, येतंय सगळं, मग अडतंय कुठे?"

"अगं, 'बंद' म्हटलेलं परत सुरू झालेलं मी पाहिलंय कुठं? आपल्या हातानं कसं म्हणू?"

धम्मदीनेनं आधी नंदूला हातानंच थोपवलं. मग विचारलं, "काय म्हटलं तर चालेल?"

"जाणारा काय म्हणतो? 'येतो'."

तिनं कीबोर्ड ओढला. मेन्यूतले शब्द जिथं साठवलेले असतात ती फाइल उघडली, शोधलं, खोडलं, लिहिलं. मेन्यू पुन्हा उघडला. 'बंद करा'च्या जागी लिहिलं होतं : 'येतो'.

"ए, ही चीटिंग आहे!" नंदू ओरडला. "कॉम्प्युटरचे शब्द कुणी असे बदलतं का?"

"यात बदलता येतात, नंदूभिया. ज्याला जे खटकेल ते त्यानं बदलावं. तुझ्या ओळखीच्याला विचार, त्याच्यात बदलून देतो का."

प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंख्याची घरघर थांबली. शंकररावांनी तोंडातली शेवसुद्धा चावली नाही.

"आता सुरू करा, काकू."

बाईंनी कळ दाबली. काहीच नाही. मग घरघर. मग काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवं 'ओके'.

शंकरराव खुर्चीतून ताडकन उठले. "अरे, ये तो हाजिरी है!" आणि ते फाटकावरच्या जुन्या आवाजात प्रत्येक ओळीला ओरडू लागले, "हजर! हजर! हजर!" शेवटी पेंग्विन झळकला, तेव्हा धम्मदीनेनं टाळ्या वाजवल्या आणि नंदूनं हातात धरून ठेवलेली वायर गुपचूप सोडली.

"हरलो बुवा," तो म्हणाला. "चहा तरी दे."

शंकरराव घाम पुसत बसले. इतक्या वर्षांत ते एवढे खूष दिसले नव्हते. "झालं ना मनासारखं? मग आता माझ्यावरचा तो मिलचा खटला मागे घे."

प्रमोदिनीबाई चहाचं आधण ठेवायला निघाल्या होत्या. त्या दारातूनच वळल्या.

"मागे? आत्ता तर पुरावा मिळाला! 'येतो' म्हणाला, तर आला की नाही परत?"