फोख्ट आजोबांचे पितळी वजन

उजव्या हाताचे पहिले बोट आकडीसारखे वाकवा पाहू. आता कल्पना करा, की त्या बोटाला साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा टांगला आहे. फार जड नाही, पण जाणवतो ना? आता बोटाच्या जागी पिस्तुलाचा चाप आहे असे समजा. स्पर्धेतल्या हवेच्या पिस्तुलाचा नियम असा, की त्याच्या चापाने निदान पाचशे ग्रॅम वजन पेलले पाहिजे. त्याआधीच सुटला तर पिस्तूल बाद. फार हलका चाप नुसता बोट लागताच सुटेल, म्हणून हा नियम. उलट चाप जड असेल तर ओढताना हात हलतो आणि नेम चुकतो. म्हणून प्रत्येक नेमबाजाला चाप हवा असतो तो पाचशेचा, आणि त्याच्यावर शक्य तितका कमी.

कळले? मग आता माझ्याबरोबर जर्मनीतल्या सूल गावच्या नेमबाजी मंडळाच्या हॉलमध्ये चला. मार्चमधला शनिवार, सकाळचे सव्वानऊ. बाहेर छपराच्या कडेने बर्फ वितळून टपटपत होता. आत ओल्या बुटांचा आणि भाजलेल्या सॉसेजचा वास. दाराजवळ तपासणीचे टेबल आणि टेबलामागे मी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. टेबलावर हिरव्या लोकरी कापडाची बनात, तिच्यावर मंडळाचे पाचशे ग्रॅमचे वजन. ते चापाला अडकवायचे, नळी आभाळाकडे करून पिस्तूल सावकाश वर उचलायचे. वजन बनातीवरून उठले आणि चाप टिकला, की पास.

समोर बारा वर्षांची मेरले उभी होती. तिची ही पहिलीच स्पर्धा. वेणी इतकी घट्ट घातली होती, की भुवयासुद्धा वर ओढल्या गेल्या होत्या.

मी पिस्तूल उचलले. टक्. चाप सुटला आणि वजन धप्पकन बनातीवर बसले.

"परत एकदा करा ना, गुरुजी," मेरले म्हणाली.

मी परत केले. टक्. तिसऱ्यांदाही टक्.

"नाही उचललं," मी म्हणालो. त्या सकाळी हे शब्द मी तिसऱ्या मुलाला सांगत होतो. बाकी सगळ्यांची पिस्तुले पास झाली होती. नापास झाली ती तीनच, आणि ती तिन्ही एकाच कारागिराच्या बाकावरून आली होती. हेल्मार फोख्टच्या.

हेल्मार माझा शाळेपासूनचा मित्र. त्रेचाळीस वर्षे तो पिस्तुले दुरुस्त करतो आहे. दुकान म्हणजे सायकलवाल्याकडून भाड्याने घेतलेली मागची एक खोली, एक खिडकी, एक बाक. कधी कुठली पदके मिळवली नाहीत, वर्तमानपत्रात नाव आले नाही. पण आसपासच्या गावांतले नेमबाज काही विकत घेण्याआधी त्याला विचारायला येतात, आणि बहुतेक वेळा काही विकत न घेताच परत जातात.

मेरलेचा बाप टॉर्स्टनही असाच गेला होता. त्या वेळी मी तिथेच होतो.

"फोख्टकाका, पोरीसाठी चांगलं, नवीन, महागातलं एखादं सुचवा," टॉर्स्टन म्हणाला.

"पिस्तूल नवीन देशील. हात कुठून आणशील नवीन?" हेल्मारने मेरलेचा तळवा उलटसुलट करून पाहिला. "मंडळाचं जुनं पिस्तूल आहे ना, तेच राहू दे. मूठ तेवढी हिच्या हाताची करू."

मग पाच बुधवार मेरले शाळेतून थेट त्याच्याकडे जाई. तो तिच्या तळव्याला निळा खडू फासायचा, अक्रोडाच्या लाकडाची मूठ धरायला सांगायचा आणि मूठ परत घेऊन पाहायचा. जिथे निळा डाग जास्त, तिथे कानशीने दोनच हात. परत खडू, परत कानस. आणि हे चालू असताना तिला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवी. नेम चुकला, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मूठ बदलली तर पाय हलवायचे नाहीत. पाय हलवले तर मुठीला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

चाप लावण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरे कारागीर पाचशेच्या वर वीस-पंचवीस ग्रॅम सोडून देतात, म्हणजे तपासणीत धोका नको. हेल्मार म्हणायचा, "तो भित्र्यांचा हिशोब. मी लावतो तो पाचशे, आणि वर एक श्वास." त्यासाठी त्याच्याकडे त्याच्या उस्तादांनी दिलेले पितळी वजन होते. काम शिकून झाले त्या दिवशी उस्तादांनी ते त्याच्या हातावर ठेवले होते, आणि दर शनिवारी दुकान झाडून झाले की पितळ घासायचे, अशी ताकीद दिली होती. आजही ते वजन सोन्यासारखे चमकते. त्रेचाळीस वर्षांत त्याने लावलेला एकही चाप तपासणीत सुटला नव्हता.

एक गोष्ट मात्र गावात फक्त मला ठाऊक होती. गेल्या शरदात एकदा तो म्हणाला होता, "आर्नुल्फ, डाव्या हाताच्या या बोटाला आता सुताचा धागा कळत नाही. डॉक्टरकडे जात नाही, तो काय सांगेल ते माहीत आहे. पण ज्या दिवशी माझं पिस्तूल टेबलावरून परत येईल ना, त्या दिवशी दुकानाची किल्ली सायकलवाल्याला देऊन टाकीन."

आणि आज तीन परत आली होती.

मेरले त्याला बोलवायला धावली. तो आला तेव्हा अवजारांची पेटी त्याच्या काखेत होती आणि चेहरा पांढरा पडला होता. ज्या दोघा मुलांची पिस्तुले आधी परत गेली होती, ती बाकावर पाय हलवत बसली होती. टेबल नऊ चाळीसला बंद होणार होते, म्हणजे वीस मिनिटे उरली होती.

"दाखव," तो म्हणाला.

मी मेरलेच्या पिस्तुलाला माझे वजन लावून उचलले. टक्.

हेल्मारने पेटीतून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेले आपले पितळी वजन काढले. अडकवले, उचलले. चाप टिकला. पुन्हा उचलले. टिकला. तिसऱ्यांदाही टिकला.

त्याने पिस्तूल बनातीवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "बघितलंस? मी उचललं की टिकतो, तू उचललंस की सुटतो. म्हणजे माझा हात लबाडी करतोय. सावरून, जपून उचलतोय, आणि मला कळतसुद्धा नाही. आता चापाचा स्क्रू तूच फिरव." त्याने लहान स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पुढे धरला. "उजवीकडे थोडासा. तिन्ही पिस्तुलांचा. या पोरांचा दिवस वाया नको जायला. माझा हात नको लागायला आता."

स्क्रू-ड्रायव्हर घेताना मला त्याच्याकडे बघवेना. आमच्या गावात त्या पितळी वजनावर शंका घेणे म्हणजे चर्चच्या घड्याळाला चूक म्हणण्यासारखे होते. मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवले, तरी मलासुद्धा सुचले नाही.

"थांबा!" मेरले म्हणाली. "फोख्ट आजोबा, तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात."

"काय?"

"हात बदलला आणि वजनपण बदललं. एका वेळी एकच बदलायची, असं तुम्हीच म्हणता. दर बुधवारी म्हणता. मला कंटाळा येईपर्यंत म्हणता."

हेल्मार पिस्तूल सोडून तिच्याकडे वळला. बाकावरची दोन्ही मुले उठून जवळ आली.

"मग काय करू म्हणतेस?" त्याने विचारले.

"तुमचं वजन गुरुजींना द्या. आणि गुरुजींचं तुम्ही घ्या."

मी पितळी वजन चापाला लावले. माझ्या हातात ना जपणूक ना सावरणे, मी आपला बटाट्याची पिशवी उचलावी तसा उचलतो. चाप टिकला. मग हेल्मारने मंडळाचे वजन लावले. अगदी अलगद, श्वास रोखून उचलले.

टक्.

"हात नाही," मेरले म्हणाली. "वजन!"

केकच्या टेबलामागे गेर्लिंडे बाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे पिठाचा काटा होता, आणि मेरले तिकडे पळालीसुद्धा.

"ए पोरी, माझ्या काट्यावर लोखंड ठेवायचं नाही!" गेर्लिंडे ओरडल्या.

"पितळ आहे!"

"मग धुऊन ठेव!"

आम्ही आधी मंडळाचे वजन ठेवले. पाचशे. मग हेल्मारचे. काट्यावर आकडे जरा हलले आणि स्थिरावले. चारशे शहाण्णव. परत मंडळाचे, परत पाचशे. परत पितळी, परत चारशे शहाण्णव.

"काटा बरोबर आहे हं माझा," गेर्लिंडे म्हणाल्या. "केक बिघडला असेल कधी, काटा नाही."

"पण चार ग्रॅम जातील कुठे?" मी म्हणालो. "पितळेचं वजन झिजतं का कधी?"

 हेल्मारने हातातले पिवळे फडके उलगडले. त्यावर काळेहिरवे डाग होते. पितळ घासून घासून फडक्याला लागतो तो काळेपणा. त्याने ते फडके काट्याशेजारी ठेवले आणि फडक्याकडे अन् वजनाकडे आळीपाळीने पाहिले, जणू एकाने दुसऱ्याची चोरी केली होती.

"त्रेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "दर शनिवारी. उस्ताद म्हणायचे, पितळ असं घास, की त्यात तोंड दिसलं पाहिजे. इतकी वर्षं ती झीज माझ्या त्या एका श्वासात भागली, यंदा श्वास पुरला नाही."

"इतकं तर मी माझ्या कढयासुद्धा घासत नाही," गेर्लिंडे म्हणाल्या.

आणि हेल्मार हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आले, मग त्याला खुर्चीच लागली. गेल्या शरदानंतर मी त्याला असे हसताना पाहिले नव्हते. "म्हणजे हात नाही रे! आर्नुल्फ, हात नाही! मी शरदापासून या बोटाला शिव्या घालतोय, आणि चोर माझ्याच पेटीत!"

"आजोबा, नऊ तेहतीस," मेरले म्हणाली.

"दे इकडे." त्याने माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतला. डावे बोट बधिरच होते, त्याने ते बाजूला ठेवले. कान चापाजवळ नेला, स्क्रू केसभर फिरवला, थांबला, आणखी जरासा फिरवला. मग मंडळाचे वजन लावून पिस्तूल माझ्याकडे दिले. मी उचलले. वजन उठले आणि हवेत शांत राहिले. दुसरे पिस्तूल, तिसरे पिस्तूल. तिन्ही पहिल्याच उचलण्यात.

"पाच ग्रॅम वर ठेवलेत," तो माझ्या कानात म्हणाला. "आजपासून भित्र्यांच्यात जमा कर मला. आणि सोमवारी हे बोट डॉक्टरला दाखवतो. आता काय सांगेल ते ऐकायची भीती नाही."

मेरले एकोणीस मुलांत अकरावी आली. एक गोळी तर काळ्या वर्तुळाबाहेर, पांढऱ्यात गेली, तेव्हा तिने आधी हाताकडे नाही, पायांकडे पाहिले, आणि पुढची थेट मधल्या दहाच्या वर्तुळात मारली. टॉर्स्टनने तिला उचलून घेतले, जणू ती पहिलीच आली होती.

दुपारी हॉल रिकामा होत होता. हेल्मार गेर्लिंडेंचा आलुबुखाराचा केक खात बसला होता. पितळी वजन टेबलावर पडले होते. "आता हे फेकून दे," मी म्हणालो, "किंवा दुकानात मांडून ठेव, शोभेला." त्याने मान हलवली, पण उचलले नाही. उस्तादांनी दिलेले वजन कुणाला टाकवते?

तेवढ्यात मेरले आपली छऱ्यांची उरलेली डबी घेऊन आली. काही न विचारता तिने वजन परत काट्यावर ठेवले आणि वर एकेक छरा ठेवायला लागली. एका छऱ्याचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. एक, दोन, तीन. आठवा ठेवला, तेव्हा काट्यावर पाचशे दिसले. ते आठही छरे तिने केकच्या कागदात घट्ट गुंडाळून ती पुडी दोऱ्याने वजनाच्या मानेला बांधली.

"हे आता तुमचं पाचशे," ती म्हणाली. "कागद आणि दोरा, तो वरचा एक श्वास."

शिशाने काळपटलेल्या तिच्या बोटांचे ठसे चकाकत्या पितळावर उमटले होते. हेल्मारने सवयीने फडक्याकडे हात नेला. आज शनिवार होता. पण मेरलेने त्याच्या आधी ते पिवळे फडके उचलले, त्याची चौकोनी घडी घातली, आणि आपल्या खिशात टाकून वरून बटण लावले.