मोजलेल्या राशीवरची राख

मी एक जुनी पायली आहे. नागभीडजवळच्या एका खेड्यात सुताराने मला बिजा झाडाच्या लाकडातून कोरलं आणि कडेला लोखंडी पट्टी ठोकली. मित्रांनो, चाळीस वर्षं मी खळ्यावर धान मोजलं. मोजून झालेल्या राशीवर राखेची रेघ ओढायची रीत होती. ती रेघ दिसली की ती रास पुन्हा कोणी मोजत नसे. लोक म्हणत, "ही पायली खोटं बोलत नाई."

मग वजनकाटा आला आणि मी अडगळीत पडले. तिथून मला आशाबाईंनी देवघरात आणलं. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. रोज पहाटे स्नान झालं की त्या माझ्यात एक मूठ तांदूळ टाकतात. पायली भरली की ती देवळात जाते. एकदा टाकलेल्या तांदळात हात घालायचा नाही, असा त्यांचा नेम.

त्यांचे यजमान गोपाळराव माजरीच्या खाणीत परदेशी यंत्रं दुरुस्त करत. ती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे थोडे अमेरिकन शेअर त्यांनी घेऊन ठेवले होते. गोपाळराव गेल्यावर त्या शेअरचा लाभांश बाईंना येऊ लागला, वर्षाला साठ हजार. त्यातून त्या सुकरीच्या वसतिगृहाचा खर्च भागवतात. सुकरी अहेरीकडच्या जंगलगावातली, बाईंचीच विद्यार्थिनी, आता गडचिरोलीत नर्सिंग शिकते.

माघात कंपनीचा कागद आला. बाईंनी रीतीप्रमाणे तो रिकाम्या माझ्या तळाशी देवापुढे ठेवला, आणि वरून रोजची मूठ पडत गेली.

मार्च संपत आला तेव्हा कराचे अर्ज भरणारे लटारूभाऊ आले. सुट्टीला आलेली सुकरी चहा घेऊन आली.

"बाई, कर कापल्याचा कागद कुठी हाय?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

लटारूभाऊंनी कपाळावर हात मारला. "शंभरातले पंचवीस तिकडंच कापले. इथं तुमच्या उत्पन्नावर वीस लागते. तो कागद जोडून अर्ज भरला, तर हे वीस माफ. पंच्याहत्तर हातात. वरचे पाच काही परत येत नाई, ते गेले. अन् कागद नसला, तर वीस पुन्हा भरा. पंचावन्नच राहते."

"म्हणजे साठ हजारावर बारा हजार," बाई हळूच म्हणाल्या. गणित त्यांचाच विषय होता. सुकरीचं अर्ध्या वर्षाचं जेवण.

"एकतीस तारखेच्या आत पाह्यजे. दुसरी प्रत मागवाल तर पावसाळा येईल. घाला हात."

"नाही भाऊ. पायली भरलेली नाही. त्यात हात घालणार नाही."

"देव काय तांदूळ मोजून राह्यला?"

सुकरी म्हणाली, "बाई, आमच्या गावात नवं धान आलं का पहिले देवाले देते. टोपली भरली का नाई, कोणी पाहात नाई. अन् तुम्ही हात नका घालू. ओता."

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग मला कडेवर घेऊन देवळात गेल्या आणि पुजाऱ्याच्या सुपात मला उपडं केलं. तांदूळ सांडले आणि तळाचा कागद सगळ्यांत वर येऊन पडला. कणी झटकून त्यांनी तो लटारूभाऊंना दिला. पायली अपुरी दिली म्हणून त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अर्ज तीस तारखेला गेला.

मित्रांनो, कर भरावा, तो नाकारू नये. पण एकदा कापला गेल्याचा कागद हरवू नका. ती मोजलेल्या राशीवरची राख आहे. वारा लागू देऊ नका.

आता तसे कागद खुंटीवरच्या पिशवीत असतात. माझ्यात फक्त तांदूळ. आज सकाळी बाईंच्या आधी सुकरीने एक मूठ टाकली.