पाहिलं, मदत केली, स्वतः केलं

पाचव्या वर्षी आम्हाला वॉर्डात सोडतात तेव्हा एक वही देतात. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. खूण करायची, रेसिडेंटची सही घ्यायची. सह्या पुऱ्या झाल्या की माणूस डॉक्टर होतो, असं आमच्या विद्यापीठाचं मत आहे.

माझी पहिली नोंद. यकृत विभाग, सोमवार. लिफ्ट धरून ठेवणे: स्वतः केलं.

थट्टा नाही. प्राध्यापक बांग सरांचा राउंड सकाळी सातला निघतो. पुढे सर, मागे फेलो, रेसिडेंट, इंटर्न आणि शेपटाला आम्ही चार विद्यार्थी. सर लिफ्टपाशी पोचतील तेव्हा दार उघडं हवं. म्हणून शेपटातलं एक जण आधीच धावत जाऊन दारात उभं राहतं. चार वर्षं मी माणसाच्या शरीरातली प्रत्येक नस पाठ केली, ती दाराला लावायची वीट होण्यासाठी.

दार बंद दिसलं तर सर काही म्हणत नाहीत. जे म्हणायचं ते गी सर म्हणतात, नंतर. गी सर आमचे रेसिडेंट. त्यांची मान फक्त वरिष्ठांपुढे वाकते, आमच्याशी बोलताना अजिबात वाकत नाही.

खोली ११०७, खिडकीजवळची खाट. दो आजोबा, अठ्ठ्याहत्तर वर्षं, जन्मभर शहर बस चालवली. डोळे हळदीसारखे पिवळे.

"कसं वाटतंय?" सर विचारतात, आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेकडे वळतात.

"तुमच्या कृपेनं बरंय," आजोबा त्यांच्या पाठीला सांगतात.

याला रुग्णाची तपासणी म्हणतात. पाहिलं.

आजोबांच्या यकृताचे आकडे चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. सरांना वाटत होतं की हा लाखात एकाला होणारा आजार आहे. फेलोनं शरद ऋतूतल्या वैद्यकीय परिषदेसाठी शोधनिबंधाचा सारांश पाठवूनही दिला होता. आलेख काढायचं काम माझं. मी रंगीत पेन्सिलींनी काढला. आजोबांचा मुलगा रविवारी येई आणि मंगळवारी रेघ वर जाई. हे दिसायला प्राध्यापक असावं लागत नाही. कदाचित नसावंच लागतं.

बुधवारी दुपारी मी रक्त काढायला गेले. (मदत केली. म्हणजे दंडाची पट्टी धरली.) पडदा ओढलेला होता आणि आतून एक ओळखीचा कडू वास आला.

छॉन मावशी गरम पाण्याच्या तसराळ्यात तपकिरी द्रवाची प्लॅस्टिकची पुडी गरम करायला बुडवून बसल्या होत्या. मावशी म्हणजे आजोबांच्या पगारी सोबतीण, सीमेपलीकडच्या यानबियन भागातल्या, भाषा आमचीच पण बोली वेगळी. चोवीस तास तिथंच, झोपणं आजोबांच्या खाटेखालच्या सरकत्या फळीवर. वॉर्डात त्यांच्या बोलीची नक्कल करून नर्सेस खिदळत.

"काय पाजताय मावशी?"

"बार्लीचं पाणी."

"बार्लीला असा वास नसतो. बारावीत वर्षभर हाच काढा प्यायलेय मी. आई नाक दाबून पाजायची."

"मग गुण आला की. डॉक्टर झालात."

"अजून कुठं?"

"तेबी खरंच. डॉक्टर पडद्याच्या आत येत न्हाईत."

आजोबा हसले. त्यांना तो काढा आवडत होता, मुलगा आणतो म्हणून. दर रविवारी वैद्याकडून एक खोका. डॉक्टरांना सांगायचं नाही, चिडतात. हे मात्र खरं. वैद्यांचं नाव निघालं की बांग सर हात धुतात.

"मावशी, उद्या दहा वाजता तपासणीसाठी तुकडा काढायला यांच्या यकृतात सुई घालणार आहेत. यांचं रक्त नीट गोठत नाही. आतल्या आत वाहत राहिलं तर? आणि ते सगळं या काढ्यापायी. बंद करा."

"बंद केलं तर लेक रिकाम्या पुड्या मोजतो. आन् म्या बोलले तर आजच काढंल. मग झोपू कुठं? तुमच्या घरी?"

"तुमचं नाव येणार नाही. मी बघते."

केवढा मोठा शब्द दिला मी! ज्या बाईला लिफ्टपलीकडे काही धरता येत नाही, तिनं. मावशींनी एक रिकामी पुडी माझ्या हातात ठेवली.

पुडी दाखवली तेव्हा गी सर म्हणाले, "पहिल्या दिवशी विचारलंय. इतर औषधं: नाहीत."

"कुणाला विचारलंत?"

"मुलाला."

"आजोबांना?"

"मेंग, सारांश गेलाय. सरांना तू सांगणार? जा, लिफ्टचं बघ."

गुरुवार, सकाळी सात वाजून अकरा मिनिटं. मुलगा हजर होता. शाळेत उपमुख्याध्यापक, गडद कोट, हातात सरांसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्यांचा खोका. कमरेत काटकोनात वाकला.

"दहा वाजता सुई," सर म्हणाले.

"सर," मी म्हणाले.

शेपूट बोललं म्हणून सगळी रांग मागे वळली. मी पुडी पुढे केली.

सरांनी ती हातात घेतली नाही. नुसता वास घेतला. त्यांच्या आईनंही पाजला असणार, या देशात कुणाच्या आईनं नाही पाजला? चार सेकंदांनी ते फेलोला म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच." फेलोनं लिहून घेतलं. "सुई रद्द."

सुई रद्द! मला नाचावंसं वाटलं. मूर्खासारखं.

मग सरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नंतर छातीवरच्या नावाकडे. "कोण देतं हे?"

मुलगा स्वतःचे चकचकीत बूट बघत होता. मावशींच्या हातात आजोबांचं तोंड पुसायचा ओला टॉवेल होता. "मुलगा आणतो," एवढंच म्हणायचं होतं, दोनच शब्द. पण असल्या कोटांपुढे मी पहिलीपासून वाकत आलेय.

"सोबतीच्या मावशी देतात," मी म्हणाले.

"काय सांगता!" मुलाचा आवाज लगेच मोकळा झाला. "आम्ही विश्वास टाकला हो या बाईवर!"

"अरे, पण तूच तर..." आजोबा उठू लागले.

"बाबा, पडून राहा तुम्ही."

सर पुढच्या खाटेपाशी पोचले होते. "कसं वाटतंय?"

बारा वाजता मावशी निघाल्या. एक बोचकं, एक किटली, प्लॅस्टिकच्या सपाता. मी मागे धावले.

"मावशी, मला तसं..."

"लिफ्ट धर जरा. हात भरल्यात माझे."

मी धरली.

आत उभं राहून त्या म्हणाल्या, "आजोबांना डाव्या कुशीवर झोप येत न्हाई. नव्या बाईला सांग. येवढं तरी नीट सांग, पोरी."

सोमवारपर्यंत आकडे निम्म्यावर आले. फेलोनं सारांश बदलला. आता तो वैद्यांच्या काढ्यांपासूनच्या धोक्यावर आहे, आलेख माझाच, रंगीत पेन्सिलींसकट. सरांनी मला नावानं हाक मारली. चुकीच्या.

शेवटच्या दिवशी मी वही घेऊन गी सरांसमोर उभी राहिले. एक ओळ कोरी होती. औषधाचा दुष्परिणाम ओळखून त्याचं खरं कारण कळवणे.

"यात काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मी 'स्वतः केलं' सोडून 'पाहिलं' वर खूण केली.

त्यांनी न वाचता सही केली.