डिकीतला दगड

अरे, आधी ऐका तरी. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये आत्याची गाडी, डिकीत चौघांनी उचलून ठेवलेला दगड, आणि शेजारी डोळे मिटून उभे आमचे दगडबाबा. गाडी गतिरोधकावरून गेली आणि आवाजच नाही! तीन आठवडे मागून ठक ठक व्हायचं ते गप्प. लोक लगेच पाया पडायला लागले.

झालं असं, की आत्याने मागच्या चाकाचं काम करून गॅरेजमधून गाडी आणली आणि त्याच दिवसापासून ठकठक. गॅरेजवाला म्हणे, जुनी गाडी आहे, वाजणारच. मग शेजारच्या काकूंना आठवलं, आत्तोबा दार असंच वाजवायचे. आत्तोबांना जाऊन सहा महिने झालेत. गाडीत त्यांचा आत्मा आलाय अशी बोंब झाली, आणि आत्याच्या गाडीतून शाळेत जाणारी सहा पोरं घरी बसली. तिचं घर त्या गाडीवरच चालतं, माहितीये ना.

दगडबाबांनी सांगितलं, आत्मा दगडाने बांधलाय, पण तात्पुरता. रविवारी गाडी आश्रमात आणून सोडायची, कायमची. आत्या 'बरं' म्हणाली. मी आईशी भांडले, काकूंशी भांडले, घसा बसला नुसता. शेवटी विज्ञानाच्या बाईंना ओढून आणलं. दिवसभर शिकवून आलेल्या, खांद्याला पेपरांचं ओझं. म्हणाल्या, "दगड काढा."

"बाई, आत्मा सुटेल," बाबा म्हणाले.

"सुटू दे. मला घरी जायचंय."

दगड काढला, गाडी फिरवली, ठक ठक परत आलं. लोक मागे सरकले. मग बाईंनी बाबांचे दोन धष्टपुष्ट शिष्य मागच्या सीटवर बसवले. गाडी गेली. आवाज नाही.

"यांनी कोणता मंत्र म्हटला?" बाईंनी विचारलं.

शिष्य म्हणाला, "मी तर बिस्किट खात होतो."

बाईंनी रस्त्यावर वर्तमानपत्र पसरलं, आडव्या झाल्या आणि मागच्या चाकाशी हात घातला. तिथल्या दांड्याचा बोल्ट बोटांनी फिरला. त्यांनी थकल्या आवाजात समजावलं, की गाडी उचललेली असताना हा बोल्ट नुसता बसवतात, चाकं जमिनीला टेकली की मग पान्याने आवळतात. गॅरेजवाल्याने गाडी खाली घेतली आणि आवळायचं विसरला. मागे वजन असलं की दांडा एका बाजूला दाबून राहतो, म्हणून वाजत नाही. दगड असो नाहीतर शिष्य. बोल्ट निसटला असता तर चाक तिरकं झालं असतं, सहा पोरांसकट.

आत्याच्याच डिकीतला पाना घेऊन त्यांनी बोल्ट आवळला. रिकामी गाडी गतिरोधकावरून गेली. काही नाही.

"आत्मा शांत झाला," बाबा म्हणाले.

"हो, पान्याने," बाई म्हणाल्या. बाबा निघून गेले, दगड तिथेच सोडून.

सगळे पांगले, पण आत्या स्टिअरिंग धरून बसून राहिली. मला वाटलं खूश असेल. ती म्हणाली, "मी रोज बोलत होते गं त्यांच्याशी. एक ठक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

 बाई तिच्या शेजारच्या सीटवर बसल्या, पेपरांचं ओझं मांडीवर घेऊन. "बोला की त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "फक्त उत्तर गाडीकडून मागू नका."

सोमवारी सहाही पोरं गाडीत होती. तुम्हाला एवढंच सांगते, कुठं काही ठकठकलं तर कुणाच्या पाया पडण्याआधी खाली वाकून बघा. बाबा दुःख बरोबर ओळखतात रे, बोल्ट मात्र ओळखत नाहीत.