अनिकेत

गुरुजींनी भाताचा पिंड दर्भावर ठेवला आणि सर्वजण चार पावले मागे सरले. प्रवरेच्या काठावरील बाभळीवर एकच कावळा होता. तो पिंडाकडे पाहत होता, पण उतरत नव्हता.

दमयंतीबाईंचा दहावा दिवस. कोल्हार हे त्यांचे माहेर. म्हणून पती विष्णुपंतांनी नगरच्या सावेडीहून मुलांना येथे आणले होते, आणि तेही आपल्या मॅटाडोरमधून. घाटाच्या वरच्या अंगाला ती उभी होती. निळा रंग विटलेला, खिडक्यांना पडदे. आत घडीची खाट, भांड्यांची फळी, शेगडी. तीस वर्षांपूर्वी सुताराला घरी बसवून विष्णुपंतांनी हे फिरते घर करवून घेतले होते. ते संस्कृतचे शिक्षक; गाडीच्या कपाळावर त्यांनी सुरेख अक्षरांत नाव रंगवून घेतले: ‘अनिकेत’.

“म्हणजे काय हो?” दमयंतीबाईंनी तेव्हा विचारले होते.

“ज्याला घर नाही तो. म्हणजेच, जिथे जाईल तिथे ज्याचे घर.”

“अगं बाई!” एवढेच म्हणून त्या हसल्या होत्या.

मग सुट्ट्या आल्या, निवृत्ती आली, आणि वर्षातले कित्येक महिने दोघांचा संसार रस्त्यावरच झाला. रामेश्वर झाले, द्वारका झाली, जगन्नाथपुरी झाली.

अनीश पुढे झाला. त्याने हात जोडले.

“आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही.”

कावळ्याने मान वळवली.

“आई, दादाशी धरलेला अबोला सोडते मी,” प्रणिता म्हणाली. अनीशने बहिणीकडे चमकून पाहिले. कावळ्याने पाहिले नाही.

माहेरचा शेजारी बिभीषण डोक्यावरचा टॉवेल सारखा करीत होता. दमयंतीबाई त्याच्या मानलेल्या ताई, म्हणून विष्णुपंत त्याचे दाजी.

“पोरांनो, तुमच्या भांडनात ताईचा जीव कशाला आडकंल? दाजी, तुमी बोला. जिती व्हती तवा तुमच्या शब्दाभायेर न्हाई गेली, आता तरी कशी जाईल?”

विष्णुपंत पिंडासमोर आले. ते स्पष्ट बोलले.

“दमयंती, आपलं बद्रीनाथ राहिलं. मी जाईन. गाडी घेऊनच जाईन. तुझी उशी शेजारी ठेवीन.”

कावळा उडाला. सर्वांनी श्वास रोखले. तो पिंडावरून सरळ पुढे गेला आणि मॅटाडोरच्या टपावर जाऊन बसला.

“बगा!” बिभीषण म्हणाला. “म्या म्हनलं न्हवतं? ताईचा जीव गाडीत हाय. इकनार न्हाई म्हना.”

“विकणार नाही. माझ्या अंतापर्यंत नाही.”

कावळा चोचीने पंख साफ करू लागला.

ऊन चढले. गुरुजींनी दर्भाच्या काड्या हाती घेतल्या. खरा कावळा न आल्यास दर्भाचा करून पिंडाला लावावा, एवढी दया शास्त्राने ठेवली आहे.

“पंत, किती वेळ थांबायचं?”

“थोडं, गुरुजी. थोडंच.”

त्यांच्या स्वरातली याचना ऐकून गुरुजींचे हात थांबले. इतक्या वर्षांच्या सहचारिणीच्या मनात काय राहिले, हे पतीला ठाऊक नसावे आणि गवताच्या पक्ष्याने ते झाकावे, ही कल्पनाच विष्णुपंतांना सोसवत नव्हती. ते डोळे मिटून उभे राहिले आणि एकेक यात्रा आठवू लागले. यात्रांनंतरचे परतणेही आठवले.

परतल्यावर ते सामान उतरवीत, आणि दमयंतीबाई बैठकीतल्या फरशीवर दोन्ही तळहात टेकून बसलेल्या असत. बराच वेळ.

“थकलीस?” एकदा त्यांनी विचारले होते.

“नाही हो. हलत नाही ना, एवढं पाहते.”

विष्णुपंत तेव्हा खळखळून हसले होते. पुढे कितीतरी गावांत, कितीतरी धर्मशाळांच्या अंगणांत त्यांनी हा विनोद मोठ्या आवडीने सांगितला. ऐकणारे हसत. गाडीच्या दारात चहा गाळता गाळता त्याही हसत.

विष्णुपंतांनी डोळे उघडले. ते पिंडाजवळ गेले आणि निजलेल्या माणसाशी बोलावे तसे वाकले.

“आता कुठे जायचं नाही,” ते हलकेच म्हणाले. “तू घरीच राहा.”

ते मागे सरले मात्र, टपावरून पंखांचा आवाज झाला.

“शिवला! दाजी, शिवला!”

प्रणिता अनीशच्या खांद्यावर डोके ठेवून रडू लागली. गुरुजींनी काड्या खाली ठेवल्या. कावळा निवांतपणे भाताचे शीत न् शीत टिपत होता. विष्णुपंतांचा उजवा हात, पक्ष्याला हाकलावे तसा एकदम वर गेला, अधांतरी थांबला. मग डावा हात येऊन त्याला मिळाला आणि नमस्कार झाला.

“बद्रीनाथच होतं तिच्या मनात,” अनीश डोळे पुसत म्हणाला. “बाबा, मीही येतो तुमच्याबरोबर. गाडी नीट करून घेऊ.”

विष्णुपंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ते बिभीषणाकडे वळले.

“नगरची एस.टी. फाट्यावर थांबते ना?”

“थांबती की. पन दाजी, दारात गाडी आसताना एस.टी. कशाला?”

“मुलं आणतील ती,” विष्णुपंत म्हणाले, आणि ओल्या धोतरानिशी सावकाश घाट चढू लागले.