महेमूदच्या ओळी

काकासाहेबांनी कंपनी बंद करायचं ठरवलं आणि भुजंगला ते पानाला चुना लावता लावता सांगितलं.

"पाटीला आता गिऱ्हाईक न्हाई. नव्या कॉम्प्युटरात मराठी आपोआप येऊन राह्यली. ज्याला पाहिजे तो पाटी बी सीडीवरून चोरून घेऊन राह्यला. मंग कशाला उगा मढं झाकून ठेवायचं?"

मढं! भुजंगच्या डोक्यात तिडीक गेली. पाटी म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर. मराठीत अर्ज लिहायचा, तक्ता आखायचा, छापायचा. जालन्यात नव्या मोंढ्याजवळ, बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते जन्मलं आणि तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्यांपासून ग्रामपंचायतींपर्यंत पोचलं. पैसा काकासाहेबांचा, पण लिहिलं दोघांनी. एक हा केदारखेड्याचा भुजंग आणि दुसरा महेमूद. महेमूद कावीळ होऊन गेला त्याला आता चार वर्षं होत आल्ती.

"भंगारात घालायची का मंग?" भुजंग म्हणाला.

"ऐक तर. भंगारात न्हाई, दान करायची."

काकासाहेब माणूस वाईट न्हाई हो, फक्त बोलायची रीत वाईट. त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. जगभरातल्या लोकांनी मिळून एक ऑफिसचं सॉफ्टवेअर चालवलंय. पत्र लिहा, हिशेब मांडा, दमडी द्यायची न्हाई. शिवाय आतलं कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेल्या मूळ ओळी, त्या बी सगळ्यांना उघड्या. कोणीही वाचाव्या, कोणीही सुधाराव्या. जुनी मराठी कागदपत्रं त्यात उघडत नव्हती आणि ती उघडणारा पाटीतला भाग त्या लोकांना पाहिजे होता. कंपनीच्या नावानं सगळं कोड देऊन टाकायचं. दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, त्याआधी हे झालं तर झालं.

भुजंगला पटलं. आपलं काम कुठंतरी जितं राहणार म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार न्हाई?

पण त्या कोडात नुसतं काम नव्हतं. सुरुवातीला कंपनीत कॉम्प्युटर एकच होता. सकाळी भुजंग बसायचा, दुपारनंतर महेमूद. दोघांची गाठ जिन्यात पडली तर पडली. मंग एकमेकांना सांगायचं कसं? तर कोडातच. कोडाच्या मधी अशा ओळी लिहिता येतात की मशीन त्या वाचतच न्हाई, सोडून पुढं जातं. त्या फक्त मागून येणाऱ्या माणसासाठी असतात. शहाणी माणसं तिथं कामापुरतं लिहितात. या दोघांनी तिथं संसार मांडला होता.

"भुजंग, काल तू इथं काय दिवे लावले ते पाहिले. चहा पाज, मंग दुरुस्त करतो."

"महेमूद, ही ओळ मी रडून रडून लिहिली. काढलीस तर बिऱ्हाड घेऊन तुझ्या घरी येईन."

"ये की. अम्मी म्हणती तुझ्यापेक्षा भुजंग बरा. शीरखुर्म्याचा डबा खालच्या खणात आहे, मुंग्या लागायच्या आत खा."

मराठी लिहायचं सॉफ्टवेअर बनवणारी पोरं, पण या गप्पा सगळ्या इंग्रजी अक्षरांत, कारण कोड लिहायच्या पडद्यावर दुसरी अक्षरं उमटतच न्हाईत. महेमूदची शेवटची ओळ तक्त्याच्या भागात होती: "खालची रेघ राहिली. डोळे पिवळे झालेत म्हणून अम्मी घरी बोलवून राह्यली. परवा येऊन मारतो." ती रेघ मागून भुजंगनं मारली. ओळ तशीच ठेवली. कधी फारच करमेनासं झालं की तो कोड उघडून वाचत बसायचा.

"महेमूदच्या अम्मीला विचारतो," तो काकासाहेबांना म्हणाला.

"तिला काय विचारायचं? कोड कंपनीचं."

"कोड कंपनीचं असंल. पोरगं तिचं होतं."

दुसऱ्या दिवशी एसटीनं तो शहागडला गेला. मुलगा गेल्यापासून इमामबी तिथं भावाकडं राहत होती. हायवेला लागून घर, दिवसभर ट्रकचा धुरळा. भुजंगला पाहून तिनं आधी शिव्या दिल्या. "क्या रे, बुढी मरी क्या जिंदा है देखने आया? कित्ते दिनां बाद आया!" मंग खाट टाकली, चहा दिला. भुजंगनं जमेल तसं समजावलं. म्हणाला, महेमूदचं काम आता साऱ्या जगात जाणार.

"मेरे बच्चे का काम लोगां के काम आता तो मैं कौन रोकनेवाली? दे डालो," ती म्हणाली. मंग जरा थांबून तिनं विचारलं, "तुम दोनों उसमें बातां लिखते थे ना? वो हसके सुनाता था मेरेकू. वो बातां भी जाती क्या?"

"जाणार की अम्मी! सगळी जाणार."

"फिर अच्छा है. कोई तो पढेंगा."

झालं, भुजंग शब्द देऊन बसला. येताना गाडीत उभं राहावं लागलं तरी त्याला त्याचं काही वाटलं न्हाई.

कोड पाठवलं आणि आठवड्यात उत्तर आलं. तिकडून कोड तपासणारा माणूस भला होता, अगदी अदबीनं लिहिलं होतं. काम उत्तम आहे, आम्ही आभारी आहोत. मात्र मधल्या ओळी आमच्या कोणाला कळत न्हाईत. कामाच्या असतील त्या इंग्रजीत करा, खासगी असतील त्या काढा. त्याशिवाय घेता येणार न्हाई.

भुजंगनं काय केलं असंल? तो येडा सगळ्या गप्पा इंग्रजीत करत बसला. शीरखुर्म्यापाशी त्याचं इंग्रजी संपलं. मंग शेवया, दूध, खारीक असं लिहून त्यानं ते कसंबसं निभावलं. पाठवताना खाली लिहिलं की हा माणूस आता हयात न्हाई, तेवढ्या ओळी राहू द्या. पुन्हा उत्तर आलं. तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. परंतु नियम सगळ्यांना सारखा आहे.

"साफ कर आणि देऊन टाक," काकासाहेब म्हणाले. "खोलीची किल्ली द्यायचीय मला. तुला एवढंच असंल तर सीडी करून घरी ने."

सीडी त्यानं आधीच केली होती, तेवढा खुळा नव्हता तो. पण सीडी ट्रंकेत पडणार आणि तिथंच बुरसणार. ती कोण वाचणार? इमामबीला त्यानं ट्रंकेचा शब्द दिला नव्हता. इकडं नको म्हणावं तर महेमूदचं सगळंच काम या खोलीबरोबर बुडणार. हो म्हणावं तर काम जाणार आणि महेमूद इथंच राहणार. दोन दिवस तो घरी बायकोवर उगाच खेकसत राहिला.

तिसऱ्या दिवशी बसला आणि काढत सुटला. दिवे लावले ते गेलं, बिऱ्हाड गेलं, शीरखुर्मा गेला. पिवळ्या डोळ्यांची ओळ त्यानं शेवटी ठेवली होती, ती काढताना त्याला रडू आलं आणि खालून बियाणेवाला वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेला.

साफ केलेलं कोड एकदा चालवून पाहायचं असतं. मशीन त्या ओळी वाचतच न्हाई, हे भुजंगला काय माहीत नव्हतं? तरी बटन दाबताना त्याला वाटलं, कुठंतरी अडंल. कुठं अक्षर फुटंल, एखादी रेघ वाकडी होईल. एखादी तरी चूक निघू दे रे देवा!

एक बी निघाली न्हाई. पाटी उघडली, अर्ज छापला, तक्ता आखला. पहिल्यासारखीच चालली. त्यानं कोड पाठवून दिलं, ते मंजूर झालं, आणि काकासाहेबांनी मोंढ्यात पेढे वाटले.

तोंड चुकवायचं भुजंगच्या रक्तात नव्हतं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो शहागडला गेला. इमामबी ओट्यावर बसून तूर निवडत होती. त्यानं पुडा ठेवला आणि खाली बघतच सांगून टाकलं. अम्मी, काम घेतलं त्यांनी. पण बातां न्हाई घेतल्या. मला काढाव्या लागल्या, माझ्या हातानं काढल्या.

इमामबीचे हात थांबले.

"सब निकाल दिया?"

"सगळ्या."

"फिर बंद पडा होंगा ना वो?" तिनं इतक्या आशेनं विचारलं की भुजंगच्या जिभेवर खोटं आलं होतं. हो अम्मी, अडून बसलं, एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिच्यासमोर खोटं बोलवंना.

"न्हाई अम्मी. बराबर चालून राह्यलं."

हायवेवरून एक भरलेला ट्रक गेला आणि धुरळा आत आला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चलेंगाच," ती म्हणाली. "मैं भी तो चल रीच ना."

मंग तिनं सूप पुढं ओढलं आणि तूर निवडायला लागली. भुजंग बराच वेळ तिथंच बसला, आणि पेढ्याच्या पुड्याला दोघांनी बी हात लावला न्हाई.