दाढेतले सात किडे

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली बंद पडलेलं चपलांचं दुकान, वर एकच लांबडी खोली, आणि रस्त्यापासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक सुजलेला गाल. कुणी डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल बांधलेला, कुणी भिंतीला गाल टेकून डोळे मिटलेले. धुरी सुरू झाली की दर दहा मिनिटांनी वरून आरोळी यायची, "निघाले! पाच निघाले!" की अख्खा जिना एका सुरात "आई गं!" म्हणायचा.

वर बसला होता धुरीवाला. दाताची कीड धुरी देऊन जिवंत बाहेर काढतो, अशी त्याची ख्याती. लोक त्याला धुरीवाले काका म्हणत. मी म्हणणार नाही. काका म्हणायला तो माझा कुणी लागत नाही, आणि माझी ताई त्याच्यामुळे गेली.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी ही हकिगत शांत डोक्यानं सांगतेय असा कुणाचा गैरसमज नको. माझं डोकं तेव्हा शांत नव्हतं, आजही नाही.

मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे साचे, मेण, स्पिरिटचा दिवा आणि घासायचं यंत्र. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढतात, मागच्या खोलीत मी बसवते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवले, आणि सख्ख्या बहिणीची एक दाढ मला सांभाळता आली नाही.

त्या रविवारच्या आठ महिने आधी ताईचा फोन आला. दाढ ठणकतेय म्हणाली. मी कामात होते. म्हटलं, "अगं, कीड लागली असेल. काढून घे लवकर." एवढंच म्हटलं. ये म्हणाले नाही, काढून घे म्हणाले. आणि तिनं माझं ऐकलं. भाऊजींबरोबर त्या जिन्यावर गेली आणि धुरीवाल्याकडून कीड काढून घेतली.

कसला घातकी शब्द आहे हा! डॉक्टर म्हणतो दाताला कीड लागली, म्हणजे दात सडला. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आत खरोखरच किडा बसलाय आणि दाढ कुरतडतोय. दाढेत किडा नसतो. कुठल्याच दाढेत नसतो. तेव्हापासून मी तो शब्द रोग्यासमोर तोंडातून काढत नाही.

धुरीनं ताईचं दुखणं थांबलं. सगळ्या मोहल्ल्यात सांगत सुटली. ठणका पुन्हा आला, ती पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला दुखणं कायमचं थांबलं, कारण दाताची नस मेली होती. नस मेली की दुखत नाही, पू मात्र आत वाढत राहतो. तो जबड्यातून गळ्यात उतरला आणि श्वासाची वाटच बुजली. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि हा नालायक माणूस सांत्वनाला घरी आला! भाऊजींचे हात हातात घेऊन म्हणाला, "किडे मेंदूत पोचले होते हो. तुम्ही तिला उशिरा आणलंत." भाऊजींनी ते खरं मानलं. आठ महिने तो माणूस "मी उशीर केला" म्हणत झुरत होता, आणि उशीर केल्याचं खापर फोडणाऱ्याच्याच पाया पडत होता.

मग त्या रविवारच्या आठवड्यात ताईच्या पोरीचा, माझ्या भाचीचा, गाल सुजला. तेरा वर्षांची पोर, खालची डावी दाढ. मी धावत गेले. भाऊजी म्हणाले, "या वेळी उशीर नाही करायचा. रविवारी पहिल्या नंबराला धुरी."

"भाऊजी, तुमच्या पाया पडते, दवाखान्यात चला. किडे नसतात हो दातात!"

"मी या डोळ्यांनी बघितलेत. तिच्या तोंडातून अकरा निघाले. तू पुस्तकातलं सांगतेस, मी बघितलेलं सांगतोय."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं, तर भाऊजींनी फोन ठेवून दिला. आता जो माणूस डोळ्यांनी बघितलंय म्हणतो, त्याला कानानं काही पटत नाही. त्याला डोळ्यांनीच दाखवावं लागतं.

बुधवारी मी मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, तोंडाचं पार बोळकं, आणि अकरा वर्षं माझीच कवळी वापरणारे. माणूस अति खवचट. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी रोगी व्हायचं? पण पोरी, मला दुखायला एक तरी दात हवा ना!"

"तो मी देते," मी म्हणाले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी मुद्दाम खराब दाढ बनवली. चांगली पांढरी दाढ घेतली, बारीक टोकानं मधोमध खड्डा कोरला, कडा तपकिरी केल्या, तळाशी काळा रंग भरला. शेजारच्या दातांनाही जरा पिवळट छटा दिली. हिरडीच्या गुलाबीत बारीक लाल शिरा काढल्या. गुरुवारी दुपारी ती कवळी पॉलिश करताना मला ताई गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

तर रविवारी जिन्यावर सगळ्यांत पुढे मास्तर. माझ्याच सांगण्यावरून सात वाजताच जाऊन बसलेले. त्यांच्यामागे भाऊजी आणि रुमालात गाल बांधलेली भाची. मी भाचीचा हात धरून उभी. भाऊजींना वाटलं, आली शेवटी वळणावर.

खोलीत धुरीवाल्याचं प्रवचन चालू होतं. अंगात पांढरा डगला, गळ्यात टॉर्च. "डॉक्टर काय म्हणतो? कीड लागली म्हणतो! म्हणतो की नाही?"

"म्हणतो!" गर्दी म्हणाली.

"मग विचारा त्याला, कुठाय कीड? दाखव! दाखवत नाही. का? त्याला सापडतच नाही! तो दात उपटतो, कीड पळते शेजारच्या दातात. तो शेजारचा उपटतो, कीड पुढे. असं करत करत तुमचं तोंड मोकळं आणि त्याचं घर भरलेलं! आम्ही दाखवतो. मोजून देतो. नर वेगळा, मादी वेगळी!"

त्याच्यापुढे पाण्यानं भरलेली पसरट थाळी होती. थाळीच्या मधोमध विटेवर तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर तो मेणाची एक गोळी टाकायचा, वरून मोठं नरसाळं पालथं घालायचा, आणि नरसाळ्याची नळी रोग्याच्या तोंडात. धूर नळीतून दाढेपर्यंत जाणार, आणि किडे जीव घेऊन खाली थाळीत उड्या टाकणार, असा एकंदर हिशेब.

मास्तर स्टुलावर बसले. त्यानं टॉर्च मारला आणि दचकून मागे सरला.

"अरे बापरे! आजोबा, ही तर जुनी वस्ती दिसतेय! तीन पिढ्या नांदतायत इथं!"

"काय सांगता!" मास्तर कळवळले. "कधीपासूनची असेल हो?"

"तुमच्या लहानपणापासूनची."

"याच दाढेत?"

"याच दाढेत! माझा शब्द आहे."

गुरुवारी दुपारी जन्मलेली दाढ ती. मी ओठ चावून उभी राहिले. तुम्ही म्हणाल, त्याला कवळी ओळखू कशी आली नाही? ज्याला दात कळतात त्यानं एका नजरेत ओळखली असती. याला दात कळत नव्हते, गर्दी कळत होती.

गोळी पडली, तडतड झाली, धूर निघाला. मास्तर डोळे पांढरे करून नळी चोखत होते. दोन मिनिटांनी नरसाळं उचललं, तर पाण्यावर पांढरे, वळलेले, काळ्या डोक्याचे किडे तरंगत होते. चिमट्यानं एकेक उचलून त्यानं काळ्या कापडावर मांडले.

"सात! चार नर, तीन माद्या! आजोबा, आता सांगा, दुखतंय?"

"छे! मुळीच नाही," मास्तर म्हणाले. "हिला कसं वाटतंय तेवढं विचारा."

आणि त्यांनी तोंडात दोन बोटं घालून खालची कवळी काढली, मग वरची काढली, आणि दोन्ही त्या सात किड्यांशेजारी काळ्या कापडावर ठेवली.

मास्तरांनी बोळकं तोंड आ करून गर्दीला चारी बाजूंनी दाखवलं. मागून एक म्हातारी खुदकन हसली, मग दोघं हसले.

पण थांबा. अशी माणसं इतक्यात पडत नाहीत. धुरीवाल्यानं घाम पुसला आणि आवाज चढवला, "हसू नका! हिरडीत लपलेली कीड ही! दात पडले तरी ती जात नाही, कवळीलाही लागते!"

आणि काय सांगू, चार माना डोलल्या! त्यातली एक भाऊजींची होती. "हिरडीत असू शकते," ते म्हणाले आणि भाचीला पुढे ढकललं. पोर स्टुलापर्यंत पोचली.

मी भाचीला बखोटं धरून मागे ओढलं. धुरीवाल्याच्या मांडीजवळची गोळ्यांची पुरचुंडी उचलली, एक गोळी लोखंडावर टाकली, नरसाळं घातलं आणि नळी वर छताकडे धरली.

"ए बाई! हात लावू नकोस! भाजशील!"

"भाजू दे. माझं मी बघते."

तडतड झाली, धूर पंख्याकडे गेला. मी नरसाळं उचललं. थाळीत नऊ.

"हे कुणाचे?" मी ओरडले. "पंख्याचे? बोल ना! नर किती, माद्या किती?"

मघाची म्हातारी पुढे आली, तिनं नळी बाकाच्या पायाला लावली. बाकाला पाच निघाले. कुणीतरी स्वतःची चप्पल धरली, चपलेला आठ. मग मी एक गोळी नखानं फोडली. मेणाच्या आत रानझुडपाची बारीक बी भरलेली. त्यातली एक बी दोन नखांत दाबली, तर आतून तोच पांढरा, वळलेला किडा बाहेर आला.

"हा बीचा कोंब आहे," डॉक्टरीणबाईंकडून ऐकलेलं मी सांगितलं. "बी तापली की टरफल फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो. टोक जळतं, त्याला हा डोकं म्हणतो. धुरानं तोंड तासभर बधिर होतं, त्याला हा गुण म्हणतो. नळी तोंडात असो की गटारात, किडे निघणारच, कारण ते गोळीतून निघतात."

गर्दी त्याच्या अंगावर धावली. मी दारात आडवी झाले. त्याच्यावर दया म्हणून नव्हे. चार थपडा खाऊन तो सुटला असता आणि दुसऱ्या गावी नवा डगला शिवला असता. मी त्याला त्याच्याच स्टुलावर बसवलं.

"आठ महिन्यांपूर्वी एक बाई तीनदा आली होती. उजवी दाढ. अकरा किडे काढलेस तिचे. आठवते?"

"रोज कितीतरी येतात हो..."

"आठवते का?"

"नाही," तो म्हणाला.

माझ्या ताईचा जीव घेतला आणि त्याला ती आठवतही नव्हती. मी दातओठ खात पोलिसांना फोन लावला. मास्तरांनी बिनदाताच्या तोंडानं सांगून एकेकाला जबाब लिहून द्यायला लावला. एकावन्न जणांनी सह्या केल्या. पुरचुंडी, थाळी, नरसाळं, सगळं पोलिसांच्या हवाली. तो आता आत आहे. सुटायची तारीख मला पाठ आहे, आणि त्या दिवशी तो जिथं जाईल तिथं मी आधी जाऊन पोचलेली असेन.

जिना उतरताना भाऊजी मध्येच खाली बसले.

"म्हणजे तिचे ते अकरा..."

"बी होती."

"उशीर नव्हता झाला?"

"पहिल्या दिवशी दवाखान्यात आणली असती तर वाचली असती."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी रविवार असून दवाखाना उघडला. भाचीच्या दाढेला छेद देऊन साचलेला पू वाहू दिला, औषध सुरू केलं. दाढ वाचली, पोर वाचली. तासाभरानं तिनं तोंडातल्या कापसामधून विचारलं, "मावशी, किती निघाले?"

"एकही नाही गं. किडे नसतातच."

"मग आईचे?"

"आईचेही नव्हते."

ती भिंतीकडे तोंड करून रडली. भाऊजी दारात उभे होते. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही.

तेव्हा बाबांनो, दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जा, आणि दुखायचं आपोआप थांबलं तर आणखी घाईनं जा. कुणी तुमच्या अंगातून किडा, खडा, केस, काहीही काढून दाखवला, तर त्याला सांगा, आता मला बाजूला ठेव आणि तेच पुन्हा कर. उद्धट म्हणतील, म्हणू देत. माझ्या ताईच्या तोंडात त्यानं तीनदा नळी घातली. तिन्ही वेळा घरची माणसं शेजारी उभी होती, आणि तिन्ही वेळा त्यांनी फक्त किडे मोजले.